हिममानव असलाच, तर केवढा? गुरांच्या डॉक्टरने फीत लावून केलेला हिशेब

प्रश्न असा आहे. अंजनेरीवर गेलेली कॉलेजची चार मुलं वरच्या तळ्याकाठी डबे उघडून बसली होती. त्या तळ्याचा आकार पावलासारखा. बाळ मारुती सूर्याकडे झेपावला तेव्हा त्याचा पाय तिथे रोवला गेला, असं आमच्याकडे सांगतात. त्यावरून गाडी घसरली हिमालयातल्या हिममानवावर आणि अमेरिकेतल्या बिगफूटवर. एक म्हणाला दहा फूट, दुसरा म्हणाला वीस, तिसऱ्याने सिनेमातला शंभर फुटी वानर काढला. चौथा आमच्या गल्लीतला. तो खाली आल्यावर थेट माझ्याकडे आला: "काका, असा प्राणी खरंच असता, तर जास्तीत जास्त केवढा होऊ शकला असता?"

मारुतीरायाला या हिशेबातून आधीच वगळतो. ज्याला अणिमा आणि महिमा दोन्ही वश आहेत, त्याला माझी फीत लावायची नाही. बाकीच्यांना लावू.

मी गुरांचा डॉक्टर. सिन्नर, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात चौतीस वर्षं गोठे फिरलो. हिममानव पाहिला नाही, पण जनावर केवढं आहे, त्याचं वजन किती आणि ते वजन त्याच्या पायांना पेलतंय का, हे रोजचंच काम होतं. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. गोरिलासारखा, मुख्यतः चार पायांवर चालणारा आणि अधूनमधून उभा राहणारा कपी असेल, तर चारशे-साडेचारशे किलोंपर्यंत मला पटतो. माणसासारखा कायम दोन पायांवर चालणारा असेल, तर अडीचशे-तीनशे किलो. गंमत म्हणजे दोघांचीही उंची आठ फुटांच्या आतबाहेरच येते. दहा फूट म्हणाल तर मी भुवया उंचावेन. वीस फूट म्हणाल तर चहा मागवेन आणि दुसरा विषय काढेन.

आता हे आकडे आले कुठून ते बघू.

गोठ्यात वजनकाटा नसतो आणि औषधाची मात्रा तर वजनावरच ठरते. त्यामुळे आमच्या बॅगेत सुईइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे शिंप्याकडची साधी फीत. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. मापं इंचांत घेतली की उत्तर किलोंत येतं. घेर ७० इंच आणि लांबी ६० इंच असली तर गाय ४४५ किलोंची. आता तीच गाय सगळ्या बाजूंनी फक्त एक दशांश मोठी धरा: घेर ७७, लांबी ६६. उत्तर येतं ५९३. घेराची फीत सातच इंच पुढे सरकली आणि वजन दीडशे किलोंनी वाढलं. नवीन डॉक्टर इथेच फसतात. डोळ्याला जनावर "थोडंसंच मोठं" दिसतं, म्हणून औषध कमी भरतात.

सूत्रात लांबीची मापं तीनदा गुणली जातात, ही त्यातली मेख. आकार तोच ठेवून उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं. पण ते वजन पेलणाऱ्या हाडाचा छेद, म्हणजे हाड आडवं कापलं तर दिसणारा गोल, चारपटच होतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. गॅलिलिओने हे १६३८ मध्ये लिहून ठेवलं, मोठ्या प्राण्याचं हाड किती बेढब जाड करावं लागेल याच्या चित्रासकट. आमच्या शेतकऱ्याला गॅलिलिओ माहीत नसेल, पण बैलगाडीत दुप्पट ऊस भरताना तो आधी आसाकडे बघतो.

आता खरा, जिवंत, मोजलेला सर्वांत मोठा कपी घेऊ. (कपी म्हणजे बिनशेपटीचे: गोरिला, ओरांगउटान, चिंपांझी. सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर प्रसाद पळवतात ती शेपटीवाली वानरं. त्यांचा चांगला दांडगा नरही वीस किलोंच्या आत येतो. विजेचा झटका बसलेला एक नर मी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलला होता, तो साडेसतरा भरला.) जंगलातला प्रौढ नर गोरिला ढोबळमानाने १४० ते २०० किलो, उभा राहिला तर पावणेसहा फुटांच्या आसपास. हिशेबाला आपण १७० किलो आणि १.७ मीटर धरू.

हाच गोरिला तीन मीटरचा, म्हणजे जवळजवळ दहा फुटी केला तर वजन किती? तीन भागिले एक पूर्णांक सात, त्याचा घन, गुणिले १७०. उत्तर साधारण ९३० किलो. चांगल्या वळूपेक्षा जास्त, आणि तेही मागच्या दोन पायांवर.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "पण काका, तो चीनमधला जायगँटोपिथेकस होता की, दहा फुटी!" होता, आणि तो दंतकथेतला नव्हे. १९३५ मध्ये फॉन कोनिग्सवाल्ड या संशोधकाला हाँगकाँगच्या एका औषधांच्या दुकानात, ड्रॅगनचे दात म्हणून विकायला ठेवलेल्या दातांत, त्याची अवाढव्य दाढ सापडली. पुढे दक्षिण चीनच्या गुहांतून सुमारे दोन हजार दात आणि खालच्या जबड्याची चार हाडं मिळाली. आणि बस्स. मांडीचं हाड नाही, पाठीचा मणका नाही, कवटी नाही. त्याच्याविषयी वाचताना "उंची तीन मीटर, वजन २०० ते ३०० किलो" ही जोडी सारखी भेटते. फीत लावून बघा. तीन मीटर उंचीच्या, तुमच्या-माझ्या बांध्याच्या माणसाचं वजन साडेतीनशे किलोंच्या वर जातं. म्हणजे ३०० किलोंचा तीन मीटरी कपी माणसापेक्षाही सडपातळ निघाला! आणि तेच ३०० किलो गोरिलाच्या बांध्यात बसवले तर उंची येते जेमतेम २.०५ मीटर, पावणेसात फूट. दोन्ही आकडे एका अंगात मावत नाहीत. एक तर तो दहा फुटी नव्हता, नाही तर तीनशे किलोंचा नव्हता. मला विचाराल तर उंचीवर काट मारावी.

दातांवरून आकार ठरवण्याबद्दल माझं एक घरचं मत आहे. घोटीच्या बाजारात बैलाचं तोंड उघडून आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे आम्ही बघतो ते वय कळावं म्हणून. दातांवरून कोणी वजन सांगत नाही. दाढ किती मोठी, हे जनावर काय चघळतं यावरही ठरतं. आफ्रिकेत पॅरान्थ्रोपस बोइसाई नावाचा आपला एक जुना भाऊबंद होता. त्याच्या दाढा आपल्या दाढांच्या दुपटीहून मोठ्या होत्या आणि अंगाने मात्र तो आपल्यापेक्षा ठेंगणा होता. जायगँटोपिथेकसही चिवट पाला-फांद्या चघळणारा होता. २०१९ मध्ये त्याच्या दाताच्या एनॅमलमधली जवळजवळ १९ लाख वर्षं जुनी प्रथिनं वाचली गेली आणि तो ओरांगउटानच्या गोतावळ्यातला निघाला. म्हणजे माणसासारखा ताठ चालणारा असण्याची शक्यता आणखीच कमी. आपल्याकडेही त्याचा एक जुना नातलग सापडला आहे, हिमाचलमधल्या बिलासपूर भागात, आता त्याला इंडोपिथेकस म्हणतात. तोही दात-जबड्यापुरताच. हिमालयाच्या पायथ्याशी मोठा कपी कधी काळी होता, एवढं खरं. पण ती गोष्ट ऐंशी-पंच्याऐंशी लाख वर्षांपूर्वीची.

आता पावलांच्या ठशांकडे येऊ, कारण हिममानवाचा सगळा संसार ठशांवर चाललेला आहे. १९५१ मध्ये एरिक शिप्टन या गिर्यारोहकाने मेनलुंग हिमनदीवर काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. त्यानंतर एप्रिल २०१९ मध्ये आपल्या लष्कराने नेपाळमधल्या मकालू शिखराच्या तळाजवळचे ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद ठसे जाहीर केले, तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. माणसाचं पाऊल उंचीच्या साधारण १५ टक्के असतं. ३२ इंचांच्या पावलाला त्या हिशेबाने उंची येते २१३ इंच, पावणेअठरा फूट. साडेपाच फुटी, ६५ किलोंच्या माणसाला तेवढा ताणला तर वजन २,२०० किलो. हत्तिणीच्या जवळपास, आणि पाय दोनच.

या पावणेअठरा फुटी गड्याच्या मांडीच्या हाडात जरा शिरू. वजन ३४ पट, हाडाचा छेद साडेदहापट, म्हणजे हाडावरचा ताण सव्वातीनपट. निसर्ग हाडात थोडं हातचं राखून ठेवतो. धावता-उड्या मारताना हाडावर येणारा ताण आणि हाड मोडेल असा ताण यांत सस्तन प्राण्यांमध्ये दोन ते चार पटींचं अंतर असतं. हातचं राखलेलं सगळं या गड्याने नुसतं मोठं होण्यातच खर्च केलं. आता तो शांतपणे चालला तर ठीक, पण मकालूच्या उतारावर पाय घसरला की संपलं. बर्फात एकदाही घसरायचं नाही, अशी अट घालून कोणता प्राणी जगेल?

शिवाय तो ठसा खरंच एका पावलाचा होता का? अस्वल चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर थोडा पुढे-मागे टाकतं. दोन ठसे एकात मिसळतात आणि लांबोडकं "पाऊल" तयार होतं. वर ऊन लागलं की कडा वितळून ते आणखी पसरतं. २०१७ मध्ये हिममानवाचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. आणि पावलावरून उंची काढायची रीतही मोठ्या अंगाला फसवते. रॉबर्ट वॅडलो या अमेरिकन माणसाचं पाऊल साडेअठरा इंचांचं होतं. १५ टक्क्यांच्या नियमाने तो दहा फुटांच्या वर जायला हवा. प्रत्यक्षात होता २.७२ मीटर, नऊ फुटांना इंचभर कमी.

वॅडलोचं नाव निघालंच आहे तर थांबू, कारण दोन पायांवरचं शरीर कुठवर ताणतं याचा मोजलेला पुरावा तोच आहे. वजन १९९ किलो. चालायला पायांना लोखंडी आधार लागत. पायांतली संवेदना कमी झालेली. आधाराची पट्टी घोट्याला घासून फोड आला, तो चिघळला, आणि १९४० मध्ये वयाच्या बावीसाव्या वर्षी तो गेला. त्याची वाढ आजारामुळे झालेली होती आणि निरोगी मोठ्या कपीची हाडं जास्त जाड असतील, हे मान्य. म्हणूनच मी दोन पायांवाल्याला तीनशे किलोंपर्यंत जाऊ देतो. पण नऊ फुटांच्या आधीच पाय बोलायला लागतात, हेही बघा.

वजन नुसतं उभं असतानाच त्रास देतं असं नाही. व्यायल्यानंतर कॅल्शियम कमी पडून बसलेली संकरित गाय ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. सिन्नरकडची एक गाय होती, साडेपाचशे किलोंची. संध्याकाळी बसली, घरच्यांना वाटलं दमली असेल, आणि मला फोन आला सकाळी सात वाजता. शिरेतून कॅल्शियम सोडलं, गाय तरतरीत झाली, कान हलवायला लागली, वैरणीला तोंड लावलं. पण उठेना. रात्रभर एकाच कुशीवर राहिल्याने खालच्या मांडीचं मांस तिच्याच वजनाखाली दबून मेलं होतं. हात लावला तर मांडी लाकडासारखी. पोत्यांत भुसा भरून गादी केली, दर दोन-तीन तासांनी चौघांनी मिळून कूस पालटली, पाचव्या दिवशी ती अर्धवट उठली आणि पुन्हा कोसळली. शेळीला असं होताना फारसं दिसत नाही, कारण तिच्या मांडीवर तेवढं ओझंच नसतं. टनावरचा कपी गुहेत आजारी पडून दोन दिवस आडवा राहिला तर त्याची कूस कोण पालटणार?

"मग हत्ती? मग डायनासोर?" हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. नुसत्या वजनाची मर्यादा फार पुढे आहे. बलुचिस्तानच्या बुगती टेकड्यांत ज्याची हाडं सापडली तो शिंग नसलेला, गेंड्याचा नामशेष नातलग, पॅरासेराथेरियम, पंधरा-वीस टनांपर्यंत जात असावा. पण त्याचे चारही पाय खांबासारखे सरळ. हत्तीचंही तसंच. त्याबदल्यात हत्तीला उडी मारता येत नाही. टी-रेक्स आठ टनांच्या घरात आणि दोनच पायांवर, हेही खरं. पण मागे शेपटीचा तराजू, मणक्यांत हवेच्या पोकळ्या आणि धड आडवं. कपीला शेपटी नाही, धड उभं, खांदे-हात जड, म्हणजे वजन सगळं वरच्या मजल्यावर. त्यात गोरिला-चिंपांझी गुडघा वाकवून चालतात. वाकलेल्या गुडघ्यावर वजन हाड पेलत नाही, मांडीचा स्नायू पेलतो. खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं उभं राहून बघा, दोन मिनिटांत कळेल.

सस्तन प्राण्यांत उभं राहून फांद्या ओढणारा सर्वांत मोठा गडी म्हणजे दक्षिण अमेरिकेतला मेगाथेरियम, जमिनीवरचा महाकाय स्लॉथ. चार टनांच्या आसपास! तोही जाडजूड शेपटीची तिपाई करून उभा राहायचा. लांबून कोणी त्याला बघितलं असतं तर राक्षसी वानरच म्हटलं असतं. कपीला त्या मापाला न्यायचं तर शेपूट, कंबर, पाय सगळं बदलावं लागेल, आणि मग त्याला कपी म्हणायचं कशाला?

हृदयाचं थोडक्यात. उभ्या प्राण्यात रक्त डोक्यापर्यंत चढवावं लागतं, आणि दर मीटर चढाईला पाऱ्याच्या ७७ मिलिमीटरचा दाब नुसता उचलण्यातच जातो. जिराफ यासाठी आपल्या दुप्पट रक्तदाब बाळगतो. आठ फुटी प्राण्याला ही अडचण किरकोळ. अठरा फुटीला गंभीर.

हाडांपेक्षा मला जास्त सतावतं ते पोट. प्राण्याची मूलभूत ऊर्जेची गरज काढायला आम्ही क्लायबरचा नियम वापरतो: वजनाचा पाऊण घात, गुणिले ७०. ३०० किलोंच्या कपीला नुसतं पडून राहायला रोज पाच हजार किलोकॅलरी. हिंडणं-फिरणं धरलं की दहा हजार. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साडेतीनशे धरली, तर रोज एकोणतीस भाकरी. तो ९३० किलोंचा दहा फुटी घेतला तर सदुसष्ट. आता या भाकरी साडेचार हजार मीटरच्या वर, झाडरेषेच्या पलीकडे, जानेवारीत कुठून आणायच्या?

कोणी म्हणेल, तिथे जंगली याक राहतो, नर हजार किलोंपर्यंतही जातो. बरोबर. थंडीत मोठं अंग उलट फायद्याचंच, कारण वजनाच्या मानाने कातडी कमी आणि ऊब कमी निसटते. पण याकच्या पोटात आमच्या गायीसारखी कोठी आहे, जिच्यात अब्जावधी जिवाणू वाळलेल्या काडीची खीर करतात. कडबा खाऊन दूध देणारी गाय हा चमत्कार त्या कोठीचा आहे. कपीला ती नाही. त्याच्याकडे मोठ्या आतड्यात थोडंफार आंबवण्याची सोय असते, म्हणून गोरिला दिवसभर बसून हिरवागार पाला खातो. तोही सदाहरित जंगलात. अस्वल थंडीत झोपून काढतं. एकही कपी झोपून हिवाळा काढत नाही.

जायगँटोपिथेकसचं घोडं इथेच अडलं. २०२४ च्या जानेवारीत दक्षिण चीनच्या गुहांतल्या गाळाचा आणि दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार तो २,९५,००० ते २,१५,००० वर्षांपूर्वीच्या काळात संपला. जंगल बदललं, ऋतू तीव्र झाले, फळं बारमाही मिळेनाशी झाली. शेजारचा ओरांगउटान लहान अंगाचा, त्याने खाणं आणि वावर बदलला. हा मात्र निकस पाल्या-सालींवर अडून बसला. दुष्काळात आधी दावणीची मोठी संकरित गाय खंगते आणि गावठी डांगी कुठेतरी काट्याकुट्यात तोंड घालून तगते, हे आम्ही इगतपुरीत डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून माझा हिशेब असा जमतो: घनदाट, ओलं, बारमाही पाल्या-फळांचं जंगल असेल तर चार पायांवरचा चारशे-साडेचारशे किलोंचा कपी चालेल. बर्फाच्या सीमेवर तर मी त्याला दोनशे किलोंवरही जाऊ देणार नाही, आणि तोही बहुतेक खालच्या दरीतच सापडेल. शंभर फुटी वानर गोरिलाच्या बांध्यात हजार टनांच्या जवळ जातो. त्याने पहिलं पाऊल टाकायच्या आतच प्रश्न मिटतो.

मुलांना एक काम सांगितलं आहे. डोंगरात विचित्र ठसा दिसला तर नुसता त्याचा फोटो काढू नका. शेजारी पट्टी किंवा निदान दहा रुपयांचं नाणं ठेवा. सावलीतला, कडा न वितळलेला किंवा न ढासळलेला ठसा निवडा. त्याच्या पुढचे-मागचे चार ठसे शोधा आणि एका बाजूच्या दोन ठशांमधलं अंतर मोजा, कारण पाऊल फुगतं पण ढांग फुगत नाही. खोली मोजा, आणि शेजारी स्वतःचा पाय दाबून त्याचीही खोली मोजा. वजनाचा अंदाज मग मी सांगतो. परवा त्यातल्या एकाने पहिला फोटो पाठवला, अंजनेरीच्या वाटेवरचा, चार इंची, नखं न उमटलेली, मागे गादीला तीन पाकळ्या. बिबट्या आहे. संध्याकाळी सहानंतर तिकडे थांबू नका म्हणून कळवलंय.